आत राहिलेला तुकडा

आधी त्याला बरंच वाटलं. पान्ह्यावरचा जोर एकदम हलका झाला, मनगट पुढे गेलं, आणि पापणी लवावी एवढाच वेळ मिस्त्रीला वाटलं, सुटला. चला, पहिलाच बोल्ट न कुरकुरता सुटला, म्हणजे बाकीचे सातही सुटतील, चारच्या आत धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड खाली येईल, आणि चारनंतरचं चारनंतर बघू. एवढा सगळा विचार त्या एका क्षणात कसा मावला कोण जाणे. मग त्याच्या कानात आवाज पोचला. खरं तर तो आधीच झालेला असणार. शेजारच्या खोलीत कुणी बोट मोडावं तसा, बारीक, कोरडा, जवळजवळ खाजगी.  पान्हा बाहेर काढला तेव्हा त्याच्या खोबणीत बोल्टचं डोकं होतं आणि डोक्याला चिकटून दोन पेरांएवढा दांडा. उरलेला तुकडा इंजिनाच्या हेडमध्ये होता, आपल्या आट्यांना धरून, हेडच्या पृष्ठभागापेक्षा केसभर आतच. बाहेरून धरायला काही म्हणजे काही नाही.

"मोडलास?" पलीकडच्या कोपऱ्यातून वेल्डर म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती. गॅरेजात हातोडे पडत असतात, कॉम्प्रेसर धडधडत असतो, पण बोल्ट मोडल्याचा आवाज सगळ्यांना सगळ्यातून ऐकू येतो.

"पहिलाच," मिस्त्री म्हणाला.

"अरे बापरे. मिस्त्रीच्या हातून! उठा रे सगळे, दोन मिनिटं शांतता पाळा."

कुणीतरी हसलं, कुणीतरी खरंच टोपी काढली, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. त्यापुढे कुणी काही विचारणार नव्हतं. ज्यानं मोडला त्यानंच काढायचा, आणि निघेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही, असा तिथला रिवाज होता. कुणी घालून दिला कुणास ठाऊक, पण पाळायचे सगळे. वीस वर्षांत मिस्त्रीवर ही पाळी दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कुणीतरी वाकडा बसवलेला बोल्ट होता. त्याच्या मनगटात तराजूचा काटा आहे असं म्हणायचे. किती आवळायचं हे दाखवणारा मोजमापाचा पान्हा फोरमनच्या खोलीत लाल पेटीत पडून असायचा, आणि तो आणायला मिस्त्री कधी गेला नाही. बोल्ट बसत आला की एक क्षण असा येतो की लोखंड आपल्याला सांगतं, पुरे. तो क्षण त्याला ऐकू यायचा. निदान तो तसं समजत आला होता.

त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोडलेल्या दांड्याचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. ताज्या मोडलेल्या लोखंडाचं तोंड साखरेसारखं चमकतं. हे तसं चमकत नव्हतं. दोन तृतीयांश भाग काळा होता, धूर बसलेला, जुना. आणि एका कडेला नखावरच्या चंद्राएवढी पांढरी कोर होती. म्हणजे बोल्ट आज मोडला नव्हता. आज तो फक्त संपला. तडा केव्हाचाच गेलेला, आणि रोज तापताना, निवताना तो थोडाथोडा आत सरकत राहिला. शाळेची ही छोटी बस रोज सकाळी मुलं घेऊन जात राहिली, नेता आणता धूर आत यायला लागला, मुलांची डोकी दुखायला लागली, तेव्हा कुठे ती गॅरेजात आली. मिस्त्रीला आधी हायसं वाटलं. आपल्या हाताचा दोष नाही. पण बोल्टला तडा आपोआप जात नाही. कुणीतरी तो कधीतरी प्रमाणाबाहेर आवळलेला असणार, नाहीतर मग नुसत्या उष्णतेनं. कुणी बांधलं होतं हे इंजिन? त्यानं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून ब्लॉकच्या बाजूची पितळी पट्टी पुसली. इंजिन पूर्ण उघडून परत बांधलं की त्या पट्टीवर तारीख आणि मिस्त्रीचा नंबर ठोकायचा, ही त्या गॅरेजची पद्धत. काजळी निघाली. नंबर तीन. तो स्वतःच. मग त्यानं तारीख वाचली, चिंधी परत एकदा फिरवली, जणू तारीखही काजळीसारखी निघून येईल, आणि परत वाचली.

ती तारीख त्याच्या घरात पाठ होती. त्या दिवशी मुलगा घर सोडून गेला.

सकाळी पोळी गुंडाळता गुंडाळता बायको म्हणाली होती, "आज चार वाजता त्याला फोन करा. चारला त्याची चहाची सुट्टी असते. कामावरून करा, नाहीतर घरी येऊन करा, पण करा." रविवारी मुलाचं लग्न होतं, नोंदणी कचेरीत, अकरा वाजता. आईला त्यानं बोलावलं होतं. बापासाठी एक निरोप होता, आणि तो गेला आठवडाभर बायको रोज सकाळी त्याच्यापुढे ठेवत होती, आधी समजावून, मग चिडून, आज नुसताच. बाबांनी एवढंच म्हणावं, की ते रागाच्या भरात बोलले. म्हणजे मी सगळं विसरलो. "पण मी रागावलो नव्हतो," मिस्त्री म्हणाला. "झालं! चार वर्षं हेच पालुपद. अहो, म्हणून टाका ना. जीभ झिजणार आहे का तुमची?" आणि डब्याचं झाकण तिनं इतक्या जोरात लावलं की ते परत उघडून लावावं लागलं. दारापर्यंत आल्यावर ती हळू म्हणाली, "आज नाही केलात तर रविवारी मी एकटी जाईन. आणि मग त्यानंतर काही उरणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? पण ते वाक्य त्याच्या तोंडातून निघत नव्हतं, आणि त्याचं कारण लोकांना वाटायचं तसं अहंकार नव्हता, किंवा नुसताच अहंकार नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. त्या सकाळी तो दारात स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मुलानं तिसरी नोकरी सोडल्याचं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. त्याआधी तो सहा महिने इथे, या गॅरेजात, बापाच्या हाताखाली होता, आणि एके दिवशी न सांगता यायचा बंद झाला होता. मुलगा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि म्हणाला, "तुम्हाला काहीच बोलायचं नाही का, बाबा?" मिस्त्रीनं नाडीची दुसरी गाठ मारली. मग तो म्हणाला, "तू या घरात असलास काय, नसलास काय, मला काही फरक पडत नाही." आवाज चढवला नाही. वर पाहिलंसुद्धा नाही. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगितलं, डबा घेतला आणि कामावर आला. नंतर मुलानं आईला म्हटलं होतं, आणि आईनं ते शब्दाला शब्द मिस्त्रीला ऐकवलं होतं: रागात बोलले असते तर मी दुसऱ्या दिवशी परत आलो असतो गं. रागात माणूस काहीही बोलतो. ते नाडी बांधत बोलले.

यात मुलाचं बरोबर होतं. राग त्याला ओळखता यायचा. राग आला की कानाच्या पाळ्या तापतात, हातातली हत्यारं हाताला लागतात, जेवण जात नाही. त्या सकाळी त्यातलं काही झालं नव्हतं. मनात शोधायला जावं तर तिथे एक सपाट, झाडलेली जागा होती. मग तो अंथरुणावर पडून स्वतःला विचारायचा, की मी शांत होतो तर मग ते खरं होतं का? खरंच फरक पडत नव्हता? आणि पडतो आहे का? चार वर्षांत तो एक दिवसही काम बुडवून घरी राहिला नाही. जेवला, झोपला, दाढी केली. मुलाच्या खोलीतला दिवा चार वर्षांत एकदाही गेला नाही, कारण तो लावलाच नाही. पण हे फरक पडण्याचं लक्षण की न पडण्याचं? बायकोसारखी माणसं आतून आपोआप जाणतात, की आपल्याला काय वाटतं. त्याला बाहेरून तपासावं लागायचं. रागावलो होतो असं तो उद्या म्हणाला आणि ते खोटं असलं, तर मूळचं वाक्य तसंच खाली पडून राहणार, खरं, आणि वर हे एक खोटं. न बसलेला बोल्ट बसला म्हणून पुढे जायचं त्यानं कधी केलं नव्हतं.

आणि आता हा तुकडा. मिस्त्रीनं हेडच्या भोकात टॉर्च मारला. आत मोडकं तोंड दिसत होतं, काळं, कडेला तीच पांढरी कोर.  माणूस शांत होता की नाही हे तो स्वतः विसरेल, बायको वेगळं सांगेल, मुलगा वेगळं सांगेल. पण त्या दिवशी त्याचं मनगट या बोल्टवर होतं. प्रमाणाबाहेर आवळलेला बोल्ट ताणतो. मोडल्या जागेच्या लगतचे दोनतीन आटे एकमेकांपासून लांब होतात, मान बारीक होते. नुसत्या उष्णतेनं गेला असेल तर आटे जागच्या जागी असतात. त्याच्या हातात आलेला भाग नुसता दांडा होता, गंजानं खाल्लेला, त्यावरून काही कळत नव्हतं. आटे सगळे आत होते. तो तुकडा अखंड बाहेर आला तर त्याला कळणार होतं, की त्या सकाळी तो रागावला होता की नव्हता. घड्याळात पावणेदोन झाले होते.

फोरमन आला. फोरमन वयानं लहान, मिस्त्रीच्याच हाताखाली शिकलेला. त्यामुळे तो हुकूम देताना खिशात हात घालायचा. "मिस्त्री, ड्रिल मारा सरळ. बुकणी होऊन निघेल. नवे आटे पाडा, मोकळे व्हा. बस उद्या सकाळी सहाला शाळेला पाहिजे."

"वेल्डिंगनं काढतो," मिस्त्री म्हणाला.

"कशाला? हेड बिडाचं आहे, तापून तडकलं म्हणजे?"

"नाही तडकणार."

"अहो, पण ड्रिलनं वीस मिनिटांत होतंय."

"मला तुकडा हवाय."

फोरमननं खिशातून हात काढले. "काय हवंय?"

"तुकडा. अख्खा." आणि पुढे काय बोलावं ते न सुचून मिस्त्री म्हणाला, "बघायचाय."

फोरमन त्याच्याकडे काही वेळ बघत राहिला, मग वेल्डरकडे, मग छताकडे. "तीन वाजेपर्यंत," तो म्हणाला. "तीनला मी स्वतः ड्रिल घेऊन येतो. आणि तुम्हाला तो घरी न्यायचा असेल तर डबी मी देतो." जाता जाता तो पुटपुटला, की मिस्त्रीचं वय झालं, की असंच काहीतरी. मिस्त्रीला ते लागायला हवं होतं. लागलं नाही. हे न लागणंही त्यानं मनात नोंदवून ठेवलं, संशयानं.

बाकीचे सात बोल्ट त्यानं आधी सोडवले. बांधताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, सोडताना बाहेरून मधे यायचं. हात आपोआप त्या क्रमानं फिरला. एकेक सुटत गेला, हळूहळू, कुरकुरत. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यानं ते ओळीनं खोचले, ज्याच्या त्याच्या जागेवर, पहिल्या जागी नुसतं भोक. मॅनिफोल्ड खाली उतरवून ठेवला. तोवर वेल्डर आपली तारांची वेटोळी ओढत आला, पालथं पडून भोकात डोकावला, आणि म्हणाला, "हं. आत आहे बेटा. वायसर ठेवू आधी, वर नट. पण सांगून ठेवतो, पहिल्या खेपेला येणार नाही. असली कार्टी लाडानं येत नाहीत."

तुकड्याच्या तोंडावर वेल्डरनं चकतीसारखं वायसर धरलं, त्याच्या भोकातून ठिणगी आत सोडली, लोखंड भरलं, वर नट ठेवून तोही भरला. निळ्या उजेडात मिस्त्रीनं डोळे मिटले होते तरी पापण्यांच्या आत लाल दिसत होतं. "निवू दे," वेल्डर म्हणाला. "घाई केलीस तर परत माझ्याकडे यायचं नाही." लाल असलेला तुकडा निवताना आकसतो आणि तेवढ्यानं गंजाची पकड सुटते; गरम असतानाच मिस्त्रीनं मेणबत्तीचं टोक त्याला लावलं, मेण धूर सोडत आट्यांत उतरलं. आणि मग वाट पाहायची. या वाट पाहण्यात त्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं ते केलं जे त्याला आधीच सुचलं होतं आणि जे करायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. साठ्याच्या खोलीतून त्यानं त्याच मापाचा एक कोरा बोल्ट आणला. पुठ्ठ्यातला एक जुना काढला, तारेच्या ब्रशनं साफ केला, आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरले. जुना ताणलेला असेल तर आटे शेवटपर्यंत जुळत नाहीत, एका टोकाला उजेडाची फट दिसते. फट दिसली नाही. त्यानं दुसरा घेतला. दिसली नाही. तिसरा, चौथा.  प्रत्येक बोल्ट नव्या बोल्टला असा जाऊन बसत होता की वाटावं, दोन्ही एकाच दिवशी जन्मलेत. पाचवा, सहावा. एरवी त्याला केवढं समाधान वाटलं असतं! सातव्यालाही फट नव्हती. सात बोल्ट सांगत होते, की त्या सकाळी हे आवळणारा माणूस पूर्ण शांत होता, त्याचं लक्ष कामावर होतं, आणि ते वाक्य बोलून आल्यावर त्याच्या मनगटावर एका केसाचाही परिणाम झालेला नव्हता.

तो खोक्यावर बसला. कॉम्प्रेसर बंद पडला, परत सुरू झाला. काय माणूस आहेस तू, त्यानं स्वतःला विचारलं, आणि त्या प्रश्नाचा सूरही त्याला उसना वाटला. त्याला आठवलं, मुलगा आठ वर्षांचा असताना सायकलवरून पडला होता, हनुवटी फुटली होती. बायको रडत होती, आणि यानं नीट टॉवेल गुंडाळला, नीट उचलला, दवाखान्यात नीट नाव-पत्ता सांगितला. डॉक्टर म्हणाले, तुमचं डोकं फार शांत आहे हो. ते तो अभिमानानं सांगत आला होता. मुलासमोरही सांगत आला होता. त्या शांत डोक्याकडे, टाके पडताना, तो आठ वर्षांचा मुलगा कसा बघत असेल, हे त्यानं आजवर एकदाही मनात आणलं नव्हतं.

"निवलं," वेल्डर म्हणाला.

पहिल्या खेपेला नट वेल्डिंगसकट उखडून आला. दुसऱ्या खेपेला वेल्डरनं जास्त वेळ दिला, शिव्या हासडल्या, स्वतःच वर फुंकर घातली. अडीच वाजून गेले होते. मिस्त्रीनं पान्हा लावला आणि डोळे मिटले. सरळ मागे ओढायचं नाही. आधी पुढे, घट्ट होण्याच्या बाजूला, अगदी किंचित. मग मागे, किंचित. पुढे, मागे. काही वेळ नुसता पान्हाच लवतो आहे असं वाटत राहिलं. मग कुठेतरी आत, फार लांब, वाळूचा एक कण सरकावा तसं काही झालं.  हे सुटणं की तुटणं? मघाशी याच ठिकाणी तो फसला होता. त्याचं मनगट काही सांगेना. किंवा सांगत होतं आणि त्याचाच विश्वास बसत नव्हता. तो परत पुढे गेला, परत मागे आला. करकर अशी बारीक तक्रार ऐकू आली, आणि तक्रार करणारं लोखंड तुटत नसतं. पाव फेरा. अर्धा. मग पूर्ण. तुकडा वळत वळत बाहेर आला, काळा, मेणानं माखलेला, डोक्यावर नटाची वेडीवाकडी टोपी घालून.

गरम होता तरी त्यानं तो चिंधीत धरला, ब्रशनं घासला, कोऱ्या बोल्टला लावला आणि खिडकीशी नेला. खालचे आटे बसले. वरचे तीन बसले नाहीत. मधून उजेड येत होता; नुसती फट नव्हे, रांगोळीची रेघ असावी एवढा उजेड. मान बारीक झालेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. प्रमाणाबाहेर, फार प्रमाणाबाहेर आवळलेला. कुणीही नवशिक्यानं सांगितलं असतं.

"रागावलो होतो," मिस्त्री म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. त्याला हसू येत होतं. चार वाजायची वाट कशाला पाहायची, आत्ताच फोन करावा, आत्ताच सांगावं, अरे, रागावलो होतो मी, पुरावा आहे माझ्याकडे.

"कुणावर?" वेल्डर हातमोजे काढत होता.

"पोरावर. तो गेला ना, त्या दिवशी बांधलंय हे इंजिन. बघ किती आवळलाय."

वेल्डरनं तुकडा घेतला, बघितला, शीळ घातली. "हा कुठला? ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूचा, कडेचा? मग हा शेवटचा."

"हो. शेवटचा."

वेल्डरनं तुकडा परत त्याच्या हातातल्या चिंधीत ठेवला.  मग तो म्हणाला, "मला आठवतोय तो दिवस. तुझा फोन वाजत होता खिडकीत, तुझे हात तेलानं भरलेले. मीच उचलला, मीच तुझ्या कानाला धरला. वहिनी काय बोलल्या ते मलाही ऐकू आलं, त्याला माझा इलाज नव्हता. गेला तो, म्हणाल्या, बॅग घेऊन गेला, किल्ली टेबलावर ठेवून गेला. तू 'बरं' म्हणालास. मी म्हटलं, मिस्त्री, घरी जा. तू म्हणालास, थांब, एक राहिलाय."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "फोन नंतर आला. काम संपलं होतं. मी हात धुतले, आणि मग फोन आला."

"हात धुतले असते तर फोन मी कशाला धरला असता?"

मिस्त्री तिथेच उभा राहिला. त्याला हात धुतल्याचं स्वच्छ आठवत होतं, साबणाचा वास, नळाचं गार पाणी, मग फोन. चार वर्षं त्यानं ते असंच ठेवलं होतं, ओळीनं, ज्याच्या त्याच्या जागेवर. आणि आता त्याच्या कानाला वेल्डरच्या हातमोज्याचा जळका वास आला, बायकोचा आवाज आला, किल्ली ठेवून गेला, किल्ली. आणि हातात पान्हा आला आणि शेवटचा बोल्ट. त्यानं तो फिरवला. लोखंड म्हणालं, पुरे. त्याला ऐकू आलं होतं. त्यानं परत फिरवला. आत काहीतरी लांबत होतं, सैल होत होतं, तो फिरवत होता, जणू तेवढा एक घट्ट बसला की घरातलं कुणी कुठे जाणार नाही. कानाच्या पाळ्या तापल्या नव्हत्या. राग नव्हताच तो. तो घाबरला होता.

म्हणजे सात बोल्ट खरे होते आणि आठवाही. बोलला तेव्हा शांत होता. जे बोलला ते त्याला खरं वाटत होतं, म्हणून तर शांत होता. आणि ते खरं नव्हतं. पण हे त्याला दोन तासांनी, मुलगा गेल्यावर कळलं, आणि कळल्याबरोबर त्यानं ते या भोकात आवळून टाकलं आणि हात धुतले. मुलानं मागितलेलं वाक्य आता त्याला देताच येणार नव्हतं. मघाशी निदान खोटं बोलायची सोय होती, कारण काही माहीत नव्हतं. आता तीही गेली. तुकड्याची धग चिंधीतून तळहाताला लागत होती. तो ड्रिलनं बुकणी होऊन निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

तीन वाजता फोरमन ड्रिल घेऊन आला, भोकातले शाबूत आटे बघून गेला. चार वाजता मिस्त्रीनं फोन लावला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वेल्डर कधी नव्हे ते आपण होऊन चहाला निघून गेला होता.

"हॅलो," मुलगा म्हणाला. आवाज जाड झाला होता.

"मी बोलतोय."

"हं. आईनं सांगितलं, तुम्ही फोन कराल म्हणून."

"आईनं सांगितलंय, रागात होतो म्हणा." मिस्त्री थांबला. पुढची चार वाक्यं त्यानं तासभर जुळवली होती, त्यातलं एकही जागेवर नव्हतं. "पण मी रागात नव्हतो. तुझं बरोबर आहे. शांतपणे बोललो."

 पलीकडे कुठेतरी कपबश्या वाजत होत्या.

"तू गेल्याचं इथे कळलं मला. इंजिन बांधत होतो. सात बोल्ट झाले होते. ते मी आज तपासले, सातही बरोबर आहेत. आठवा राहिला होता, तेव्हा आईचा फोन आला. तो मी... तो ताणलाय. तीन आटे गेलेत त्याचे. मला त्या वेळी कळलं नाही. म्हणजे कळलं असणार, पण मी ठेवून दिलं." त्याला स्वतःचं बोलणं हास्यास्पद वाटत होतं. लोकांचे बाप असं बोलत नसतील. "फरक पडत नाही म्हणालो ते खरं वाटलं होतं मला. ते खरं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं."

 मग मुलानं विचारलं, "तुम्ही? तुम्ही ताणलात?"

"हो."

"लाल पेटीतला पान्हा नव्हता घेतला?"

"नाही."

मुलानं श्वास सोडला. ते हसणं होतं की दुसरं काही, मिस्त्रीला ठरवता आलं नाही, आणि ठरवण्यासाठी त्याच्या हातात या वेळी काही नव्हतं. "रविवारी अकराला आहे," मुलगा म्हणाला.

"हो. आई म्हणाली."

हे आमंत्रण होतं की नुसती वेळ सांगणं? मिस्त्रीचं कपाळ भिंतीला टेकलं. भिंत गार होती. एरवी त्यानं 'बरं' म्हणून फोन ठेवला असता, आणि मग पुढची कित्येक वर्षं अंथरुणावर पडून ती तीन शब्दांची माहिती उजेडात धरून बघितली असती. "मी येऊ का?" त्यानं विचारलं. 

कपबश्या वाजायच्या थांबल्या. कुणीतरी मुलाला हाक मारली, मुलानं तिकडे काही उत्तर दिलं नाही.

"साडेदहाला या," तो म्हणाला. "सही करायला साक्षीदार लागतात. एक कमी पडतोय."

पंचविशीतल्या, सतरा मित्र असलेल्या मुलाला साक्षीदार कमी पडत नसतो. हे मिस्त्रीला त्याच क्षणी कळलं. दिवसभर खोटं टाळत आलेल्या त्या माणसानं हे एक खोटं मात्र मुकाट्यानं घेतलं, आणि पोर उद्या ते परत मागेल की काय अशा धास्तीनं घाईघाईनं म्हणाला, "येतो. दहालाच येतो."